घरचं लिहायचं नाही

देवरे सरांनी पहिल्याच तासाला माझी वही खिडकीतून खाली फेकली. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. वही पानं फडफडवत खाली गेली आणि सायकल स्टँडच्या पत्र्यावर आपटली. सगळा वर्ग हसला, आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

झालं होतं ते एवढंच. सरांनी फळ्यावर एका लढाईची माहिती लिहिली होती आणि मी ती इमानेइतबारे उतरवून घेतली होती. 'या लढाईत दहा हजार सैनिक मारले गेले.' सर बाकाशी आले, वहीवर बोट ठेवून म्हणाले, "हे कोणी सांगितलं?"

"सर, तुम्हीच."

"आणि मला कोणी सांगितलं?"

"मी आत्ता मनानं लिहिले दहा हजार," सर ओरडले. "मला पंधरा हजारसुद्धा मारता आले असते! माणसं मेली असं लिहितेस आणि कोणी मोजली ते विचारत नाहीस?" आणि वही गेली. मी ती आणायला जिना उतरले तेव्हा या माणसाला ओठांतल्या ओठांत इतक्या शिव्या घातल्या, की सायकल स्टँडचा वॉचमन म्हणाला, "पोरी, देव आठवते का?"

प्राध्यापक निंबा दोधा देवरे, इतिहास विभाग. मूळचे सटाण्याकडचे. बुटके, जाड मनगटांचे, मान खांद्यांत बसवल्यासारखी. हाताशी असेल ते फेकायचे. खडू, डस्टर, हजेरीपट, एकदा तर स्वतःची चप्पल. रागाच्या भरात प्रमाण मराठी सुटायची आणि घरची अहिराणी तोंडात यायची. "कोनी सांगं? कोनी सांगं तुले?" हा प्रश्न त्यांनी आम्हाला तीन वर्षांत किती वेळा विचारला असेल, ते मी सांगणार नाही, कारण मी मोजलेलं नाही.

दुसरी सवय म्हणजे पोरांना गावाच्या नावानं हाक मारायची. पहिल्या दिवशी प्रत्येकाला उभं करून "गाव कोणतं?" विचारलं, आणि मग तीन वर्षं आमची खरी नावं हजेरीपटातच राहिली. मी मनमाड. घरची भाताची गिरणी असलेला, खोड्या काढणारा भगवान म्हणजे घोटी. मिलिंदची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "नाशिक रोड." त्याचे वडील तिथल्या प्रेसमध्ये कामाला होते, घर कॉलनीत.

"मूळ गाव?"

"नाशिक रोडच."

सरांनी हजेरीपटात त्याचं आडनाव पुन्हा एकदा पाहिलं आणि पुढच्या मुलाकडे गेले. ज्या माणसानं कुणाचंही उत्तर सुखासुखी सोडलं नाही, त्यानं हे कसं सोडलं, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. मिलिंदला मात्र ते पुढे कितीतरी दिवस नुसतं "ए, तू" म्हणत राहिले.

ही गोष्ट दोन हजार सात-आठची. कॉलेजात तेव्हा नवी कॉम्प्युटर लॅब झाली होती. आठ कॉम्प्युटर, त्यांतले सहा चालू. इंटरनेटवर मराठीतला एक खुला ज्ञानकोश आहे, त्यात कुणीही लिहू शकतं, हे सरांना कुठूनसं कळलं आणि त्यांच्या अंगात आलं. स्वतःला टायपिंग यायचं नाही. एका बोटानं कळ अशी दाबायचे, की ती कळ पुन्हा वर येईल की नाही अशी शंका यायची. मी मनमाडला टायपिंगची परीक्षा दिलेली होती, म्हणून मला पहिल्या खुर्चीवर बसवलं. त्यांना त्या ज्ञानकोशातली एक सोय फार आवडली होती. प्रत्येक पानामागे त्याचा इतिहास राहतो. कुणी काय लिहिलं, कुणी खोडलं, खोडताना काय कारण दिलं, सगळं. "बघ," ते मला म्हणाले, "इथं पुसलेलं पण राहतं. माणसाच्या राज्यात असं कुठं आहे?"

त्यांनी अंतर्गत परीक्षेचे वीस गुण त्यावर ठेवले. प्रत्येकानं एक लेख लिहायचा. आता वीस गुण म्हटल्यावर पोरांनी काय केलं असेल? निम्म्या पोरांनी आपापल्या गावावर लेख लिहिला, आणि गावात लागणाऱ्या फ्लेक्सवर असतं तेच लिहिलं. 'कार्यसम्राट सरपंच', 'युवकांचे आशास्थान', 'गोरगरिबांचे कैवारी'. एकानं सरपंचांचा मोबाईल नंबरही दिला, 'अडचणीत संपर्क साधावा' म्हणून. घोटीनं भाताच्या जातींवर लेख लिहिला. लेख चांगला होता. फक्त मध्येच 'वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे' आलं, आणि आकृती कुठेच नव्हती. दोन ओळींनी 'पाहा : प्रकरण सात'.

सरांनी त्याला उभं केलं. "प्रकरण सात कुठं आहे?"

"सर, पुस्तकात हाय."

"कोणाच्या?"

"नाव नाय वाचलं, सर. पहिलं पानच फाटेल होतं."

खाडकन आवाज आला. घोटीच्या गालावर चार बोटं उठली. तो कॉम्प्युटरवर पडता पडता वाचला. "दुसऱ्याच्या शेतातलं कापून आणतोस आणि आपल्या गिरणीत भरडतोस?" सर ओरडले. "पुन्हा चोरून लिहिलंस तर हात मोडून ठेवीन!" हे बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. आज मी स्वतः शिकवते. मी कुठल्याही पोराला हात लावलेला नाही, आणि लावणार नाही. मारकुटा मास्तर तो मारकुटाच. पण त्या दिवशी सरांनी फळ्यावर जे लिहिलं, ते माझ्या वर्गातही आता असतं. ऐकीव लिहायचं नाही. चोरून लिहायचं नाही. घरचं लिहायचं नाही.

"घरचं म्हणजे काय, सर?" मी विचारलं.

"आपलं गाव, आपला बाप, आपली जात, आपली संस्था. ज्याच्यावर आपली माया आहे ते, आणि ज्याच्यावर राग आहे ते. तिथं आपला हात सरळ चालत नाही. ते दुसऱ्याला लिहू द्यायचं."

पुढच्या आठवड्यात मिलिंदनं लेख टाकला. सटाण्याकडच्या एका गावावर. गावाचं खरं नाव मी इथे देणार नाही, माळगाव म्हणते. लोकसंख्या, नदी, आठवड्याचा बाजार, सगळं रीतसर. शेवटी एक परिच्छेद होता. आम्ही पाच-सहा वर्षांचे असताना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी गावातल्या लोकांनी बौद्धवस्तीवर हल्ला केला. वस्तीनं गायरानाची जमीन कसायला घेतली होती, हे निमित्त. नऊ घरं जाळली. काशिनाथ नावाचे वृद्ध गृहस्थ जिवंत जळाले.

सर माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर वाचत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. रक्त कुणी काढून घेतल्यासारखा त्यांचा चेहरा दिसत होता. मग त्यांचं ते एक बोट पुढे आलं आणि त्यांनी तो परिच्छेद खोडला.

मिलिंदनं तो परत टाकला. सरांनी परत खोडला. तिसऱ्यांदा टाकला, तिसऱ्यांदा खोडला. एकमेकांपासून सहा फुटांवर बसून दोघं एक शब्द न बोलता हे करत होते. मग मिलिंद उठला.

"का काढलं?"

"कोणी सांगितलं?" सरांचा आवाज कसातरीच झाला होता.

"मी सांगतोय! काशिनाथ माझे आजोबा. मी आईचा हात धरून होतो. आम्ही नाल्यातून पळालो आणि पुन्हा गावात पाय ठेवला नाही."

"छापलेलं काही आहे?"

मिलिंदनं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं एक कात्रण काढलं आणि टेबलावर आपटलं. मी ते वाचलं. पेपरातली चार ओळींची बातमी होती. माळगावात दोन गटांत हाणामारी. चाऱ्याच्या गंजीला आग लागून नुकसान. एका वृद्धाचा हृदयविकारानं मृत्यू.

"हे आहे तुमचं छापलेलं," मिलिंद म्हणाला. "चारा जळाला म्हणे. आणि कोर्टात सगळे सुटले, कारण साक्षीदार नाही. गावात साडेतीनशे घरं, आणि साक्षीदार नाही! लिहू मग? 'चारा जळाला' लिहू?"

"ते पण लिहू नको. तुझं घर आहे ते. घरचं लिहायचं नाही."

मिलिंदनं सरांची कॉलर धरली. त्यांना खुर्चीतून उचललं आणि भिंतीवर आपटलं. सरांचं डोकं भिंतीवरच्या स्विचबोर्डला लागलं, कॉम्प्युटर बंद पडले. "आमचं माणूस जाळलं, आणि तुला कागद पाहिजे?" त्यानं दोनदा, तीनदा सरांना आपटलं. घोटी आणि मी त्याला ओढत होतो, तर त्याच्या कोपरानं माझा ओठ फुटला. सरांनी हात वर केला नाही. ज्या मनगटांची आम्हाला धास्ती होती, ती नुसती लोंबत होती. "हो," ते एवढंच म्हणाले, "कागद पाहिजे."

मी त्या दिवशी त्यांचा मनापासून द्वेष केला. फुटलेल्या ओठावर बर्फ लावत आईला म्हटलं, "असल्या माणसाला एकदा चांगला चोपला पाहिजे." बोलले ते बोलले. पुढे माझेच शब्द मला फार दिवस छळत राहिले.

सरांनी मिलिंदची तक्रार केली नाही. प्राचार्यांना सांगितलं, पाय घसरला. मग आठ दिवस ते कॉलेजला आले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी लॅबमध्ये मी एकटी असताना आले आणि शेजारी बसले. डोक्याला पट्टी होती.

"मनमाड, टाईप करायला घे. मी सांगतो ते. एक शब्द सुधारायचा नाही."

त्यांनी सांगितलं ते माझ्या मनात जसंच्या तसं आहे.

"मी, निंबा दोधा देवरे, राहणार माळगाव, सध्या नाशिक." माझी बोटं थांबली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हातानंच पुढे चल म्हटलं. "आखाजीला मी गावी गेलो होतो. दुपारची जेवणं झाली होती. मी आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, वाळत घातलेल्या कुरडया राखत बसलो होतो. तीस-चाळीस माणसं वस्तीकडे निघाली. हातात कुऱ्हाडी, कोयते, सळया. सर्वांत पुढे माझा थोरला भाऊ होता. त्याच्या हातात रॉकेलचा डबा होता. डबा आमच्या घरचा होता. त्याचं झाकण हरवलं होतं, म्हणून आईनं त्याच्या तोंडाला बटाटा लावलेला होता. तो बटाटा मला धाब्यावरून दिसला."

त्यांनी डोक्यावरची पट्टी चाचपली. मग परत सुरू झाले.

"वस्तीत बहुतेक लोक जेवून पडले होते. यांनी आधी दारांना बाहेरून कड्या घातल्या. मग छपरं पेटवली. लोक मागच्या कुडाच्या भिंती फोडून बाहेर पडले. बाहेर पडेल त्याला मारत होते. बायकांनाही मारलं. काशिनाथ आमच्याकडे सालदार, म्हणजे सालगडी, होता. पाय अधू झाल्यावर भावानं त्याला काढलं. तो आपल्या झोपडीत बाजेवर होता. त्याला उठता येत नव्हतं. तो एकेकाचं नाव घेऊन हाका मारत होता. माझं पण नाव घेतलं. 'निंबा, अरे निंबा, दार उघड.' मी धाब्यावर खाली वाकून बसलो. आवाज बंद होईपर्यंत मी वाकलेलोच होतो."

मी टाईप करत होते आणि मला पडद्यावर काही दिसत नव्हतं.

"पोलिसांनी मला विचारलं. मी सांगितलं, मी पुरणपोळी खाऊन झोपलो होतो. हे खोटं आहे. मी जागा होतो. मी पाहिलं." आणि मग माझ्याकडे न बघता, हळूच, घरच्या भाषेत म्हणाले, "मी देखं, पोरी. सगळं देखं."

म्हणजे मिलिंदच्या आडनावावर त्यांची नजर पहिल्या दिवशी का थांबली होती, ते आता मला कळलं. मी त्यांना विचारलं, मग त्या दिवशी मिलिंदला का सांगितलं नाही? "त्याला सांगून काय होणार? त्याला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायचं आहे," ते म्हणाले. "आणि मी ज्ञानकोशात लिहू शकत नाही. माझंही घरच आहे ते. त्याचं जळालेलं घर, माझं जाळणाऱ्याचं. पण मी साक्ष छापून तर देऊ शकतो. मग कोणीतरी तिसरा तिच्या आधारानं लिहील."

त्यांनी त्या मजकुराचं प्रतिज्ञापत्र केलं, वकिलाकडे दिलं, आणि एका साप्ताहिकाच्या संपादकाला गाठून ते शब्दशः छापायला लावलं. भावाच्या नावासकट. अंक निघाला त्या दिवशी मिलिंद लॅबच्या पायरीवर बसून तो वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं अंकाची घडी घातली आणि तो घरी गेला.

चौथ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला मी लॅबमधून उतरून सायकल स्टँडकडे येत होते. सर स्कूटर काढत होते. तेवढ्यात तीन पोरं मोटरसायकलवरून आली. एकाला मी ओळखत होते. संदीप, सरांचा पुतण्या, त्याच थोरल्या भावाचा मुलगा. आमच्याच कॉलेजात बी.कॉम.ला होता आणि सरांच्याच घरी राहून, काकूच्या हातचं खाऊन शिकत होता. त्याच्या हातात नळाचा लोखंडी पाइप होता.

पहिला फटका पाठीत बसला. सर स्कूटरवर पालथे पडले, स्कूटर त्यांना घेऊन आडवी झाली. मग पाइप नुसता वर-खाली होत राहिला. हाड मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ओली काटकी मोडावी तसा तो येतो, मोठा नाही. सरांनी डोक्यावर उजवा हात धरला होता, तो कोपराखाली भलत्याच दिशेला वळला. संदीप मारत होता आणि रडत होता. "काका, मना बापनं नाव! मना बापनं नाव छापं!" नाकातून पाणी येत होतं, आणि तो मारत होता. बाकीचे दोघं लाथा घालत होते. स्टँडवर त्या वेळी पंचवीसेक माणसं असतील. सगळी मागे सरकली. मीही सरकले, खांबाच्या मागे.

पुढे गेला तो एकटा घोटी. पोरींना वाट देताना अंग चोरणारा घोटी. त्यानं स्टँडवरची एक सायकल उचलून त्या तिघांच्या अंगावर फेकली आणि सरळ सरांच्या अंगावर आडवा पडला. दोन फटके त्याच्या पाठीवर बसले. "मारा, मला मारा! सरांना नाय मारायचं!" तो ओरडत राहिला. मोटरसायकल निघून गेली. सरांच्या तोंडातून रक्त येत होतं, शर्टाची बाही लाल झाली होती, आणि घोटी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन विचारत होता, "सर, लय लागलं का? सर, लय लागलं का?"

पोलीस आले. वॉचमन म्हणाला, मी जेवायला गेलो होतो. क्लार्क म्हणाले, मी पाठमोरा होतो. पोरं म्हणाली, तोंडाला रुमाल होते, ओळखता आलं नाही. रुमाल बिमाल काही नव्हते. घोटी सरांबरोबर दवाखान्यात गेलेला, आणि मागून धावत येऊन पालथा पडल्यामुळे त्याला चेहरे दिसलेच नव्हते. हवालदारांनी मला विचारलं, "तुम्ही काय पाहिलं?"

मी म्हटलं, "मी लायब्ररीत होते."

किती सोपं असतं ते! जिभेला काही लागत नाही. आई-वडील मनमाडला, रोजची ये-जा एकटीची, ती पोरं उद्या स्टेशनवर उभी राहिली तर, असं सगळं त्या एका क्षणात डोक्यात येऊन गेलं आणि वाक्य तयार होऊन बाहेर पडलं. मग मला धाब्यावर वाकून बसलेला माणूस आठवला. मी दोन आठवडे त्या माणसाला मनात दोष देत होते. मला वाटत होतं, मी तिथं असते तर ओरडले असते. काय ओरडले असते? मी खांबामागे होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. उजवा हात प्लास्टरमध्ये, तीन बरगड्या गेलेल्या, एक डोळा सुजून बंद. काकू बाहेर बसल्या होत्या. आपल्या हातचं जेवून गेलेल्या पोरानं हे केलं, म्हणून त्यांचं रडणंच आटलं होतं. मी आत जाऊन म्हटलं, "सर, मी तिथं होते. संदीप होता. मी पोलिसांना खोटं सांगितलं." आणि मग जे विचारायला नको होतं ते विचारलं. "सर, संदीपचं नाव सांगू का?"

त्यांनी उघडा डोळा माझ्याकडे वळवला. मला वाटलं, म्हणतील, राहू दे, लेकरू आहे. कारण त्या पोराला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. डोळ्यातून पाणी आलं आणि उशीवर गेलं.

"तू पाहिलंस ना?"

"हो."

"मग मला कशाला विचारतेस?"

मी तिथून सरळ चौकीत गेले. माझा आधीचा जबाब खोटा होता, हे आधी सांगितलं, मग जे पाहिलं ते सांगितलं. वडील चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवसापासून ते रोज मला नाशिक रोड स्टेशनपर्यंत सोडायला यायला लागले. संदीपला शिक्षा झाली. सर बरे झाल्यावर दर महिन्याला त्याला भेटायला तुरुंगात जायचे. तो भेटायला बाहेर यायचा नाही. सर वेळ संपेपर्यंत बाकावर बसायचे आणि डबा तिथंच देऊन परत यायचे.

लेख लिहिला घोटीनं. तो ना माळगावचा, ना वस्तीचा, ना सरांच्या नात्यातला. त्यानं कात्रण घेतलं, कोर्टाचा निकाल मिळवला, साप्ताहिकाचा अंक घेतला. दहा दिवस खपला. एकेका वाक्याला आकडा, आकड्याखाली आधार. एका वृत्तपत्रानुसार दोन गटांत हाणामारी, चारा जळाला. न्यायालयानं पुराव्याअभावी सर्वांची सुटका केली. नंतर छापलेल्या एका प्रत्यक्षदर्शीच्या प्रतिज्ञापत्रानुसार वस्तीला बाहेरून कड्या घालून आग लावण्यात आली. काशिनाथ यांचा मृत्यू जळून झाला. सुटलेल्या लोकांची नावं लेखात घालायची नाहीत, असं सरांनी बजावलं होतं. स्वतःच्या भावाचं नाव त्यांनी स्वतः छापून दिलं होतं, तरीही. ती माझी साक्ष, म्हणाले, ज्ञानकोशाचा निवाडा नाही.

कागदाची प्रत घेऊन घोटी आणि मी दवाखान्यात गेलो, तर दारात मिलिंद उभा. किती वेळ उभा होता, कुणास ठाऊक. आमच्याबरोबर आत आला. सरांना उजवा हात उचलता येत नव्हता, म्हणून कागद त्यानंच त्यांच्या डोळ्यासमोर धरला.

सरांनी एका डोळ्यानं वाचलं. मग म्हणाले, "हे 'निर्घृण' काढ."

घोटी चिडला. "सर, पण निर्घृणच होतं ना!"

"होतं. पण आपण म्हणायचं नाही. कड्या कुठून लावल्या ते सांगितलंस ना? मग वाचणारा म्हणेल."

मिलिंदनं घोटीच्या खिशातलं पेन घेतलं, कागद मांडीवर ठेवला आणि तो शब्द स्वतःच्या हातानं खोडला. मग सरांकडे बघून म्हणाला, "तुम्ही दार उघडू शकला असता."

"हो," सर म्हणाले.

"मी माफ नाही केलेलं."

"नको करू." मग सरांनी डाव्या हातानं पलंगाजवळचं स्टूल दाखवलं. "उभा का? बस, माळगाव."

ती पहिली वेळ. मिलिंद बसला. कागद हातात घट्ट धरून, मान खाली घालून, तो लहान पोरासारखा रडला, आणि सर त्याच्याकडे बघत राहिले.

सर पुन्हा गावी गेले नाहीत, त्यांना कुणी येऊ दिलं नाही. आई गेल्याचं त्यांना तेराव्यानंतर कळलं. उजवा हात वाकडाच राहिला, त्यात खडू धरता यायचा नाही. डाव्या हातानं लिहायला शिकले. आम्हाला वाटलं, आता फेकाफेक थांबेल, तर डाव्या हातानं नेम उलट जास्त चांगला निघाला. पोरांना मारणं मात्र त्यांनी सोडलं. घोटीला एकदा म्हणाले, "तुला मारलं ते चुकलंच, बरं का." घोटी म्हणाला, "सर, त्याचं काय नाय." मग इकडे तिकडे बघून म्हणाला, "पण प्रकरण सात सापडलं, सर. पुस्तक जुन्या बाजारात भेटलं. लेखकाचं नाव टाकलंय लेखाखाली."

दोन वर्षांनी, कॉलेजचा जिना चढताना, ते खाली बसले ते उठलेच नाहीत. गावाहून कुणी आलं नाही. खांदा द्यायला घोटी होता, कॉलेजातले दोघं होते, आणि पुढे उजव्या बाजूला मिलिंद होता. अमरधामपर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही.

तेराव्याच्या आत घोटीनं ज्ञानकोशात सरांचं पान तयार केलं. जन्म, शिक्षण, कार्य. आधार सगळे व्यवस्थित. मी ते संध्याकाळी वाचलं, मला फार बरं वाटलं. सकाळी पाहिलं तर पान कोरं होतं. मी चिडून पानाचा इतिहास उघडला. सगळा मजकूर मिलिंदनं खोडला होता. मला वाटलं, शेवटी राग उरलाच. मग खोडण्याचं कारण लिहायच्या रकान्यात त्यानं काय लिहिलंय, ते वाचलं.

'आपल्या घरचा माणूस. आपण लिहायचं नाही.'